गुण्या लावल्यावर दिसलेला उजेड

चि. बाळूस,

परवा ताईचा फोन आला होता. तू आयटीआयला सुतारकामाचा ट्रेड घेतो म्हणतोस आणि भाऊजी म्हणतात, आता सगळं फर्निचर मशीनवर होतं, सुताराला विचारतो कोण? त्यांची काळजी खोटी नाही. पण चाळीस वर्षं या कामात घालवलेल्या मामाचंही ऐक.

पूर्वी आम्ही गिऱ्हाइकाच्या घरी दोन-दोन महिने मुक्काम ठोकायचो. आठ बाय चारचा प्लाय तिथेच चिरायचा, सनमायका तिथेच चिकटवायचा. आता कारखान्यात पॅनेल सॉ बोर्ड कापतो, दुसरं मशीन कडेला पट्टी लावतं आणि तयार पेट्या टेम्पोतून येतात. मोठ्या बिल्डरांकडे स्लॅबलाही अ‍ॅल्युमिनियमचे साचे आले, त्यामुळे सेंट्रिंगमधलं फळ्यांचं काम आटलं. ज्याला नुसतं कापणं आणि ठोकणं येतं, त्याचे दिवस भरले. हे तुझ्यापासून लपवणार नाही.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट सांगतो. कोथरूडला एका किचनच्या पेट्या आल्या, अगदी काटकोनात. भिंत मात्र काटकोनात नव्हती. कोपऱ्यात गुण्या लावला, तर दोन फुटांवर पाऊण इंच उजेड दिसला. सोबतची मुलं म्हणाली, सिलिकॉन भरू. एवढी फट सिलिकॉनने भरत नाही रे. मी पट्टी भिंतीला टेकवली, भिंतीचं वळण पेन्सिलीने तिच्यावर उतरवलं आणि रंधा मारत मारत ती बसवली. पाऊण तास गेला, पण मग नखही आत जाईना. कारखान्यात दिवसाला कितीही पेट्या बनोत, त्या बसवायच्या असतात आपल्या वाकड्या भिंतींना. तो बसवणारा माणूस आज सगळे शोधताहेत. मला आठवड्यातून दोन-तीन कामांना नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हणताना जीव तुटतो, कारण नाव सुचवावं असं कुणी नसतं.

परदेशाचं तू विचारलं होतंस. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातल्या कामांत सुतारही आहे. पण तिथे जर्मन भाषा आल्याशिवाय निभाव लागत नाही. इस्रायलनेही त्याच वर्षी इथून माणसं घेतली, पण त्यांना हवे होते शटरिंग कारपेंटर, म्हणजे आपले सेंट्रिंगवाले. ते काम वेगळं, फर्निचरचं वेगळं. जाहिरातीत ‘कारपेंटर’ शब्द दिसला की आधी हे विचार, आणि एजंटाच्या हातात पैसे ठेवू नकोस.

माप घ्यायला जिवापाड शिक. मी तुझ्याहून थोडा मोठा असताना टाइल्स बसायच्या आधीच किचनचं माप घेतलं होतं. दोन्ही भिंतींवर टाइल आणि तिच्याखालचा माल चढला, ओटा आखडला आणि माझी सगळी शटरं परत कापावी लागली. मालाचे पैसे मी भरले. तेव्हापासून टाइल बसल्याशिवाय टेप काढत नाही.

आयटीआयचं वर्ष पूर्ण कर, मध्ये सोडू नकोस. ड्रॉइंग वाचायला शिक, बिजागऱ्या आणि चॅनेल स्वतः खोलून परत बसव. पटाशीला धार लावायचा कंटाळा करू नकोस. मशीनवर मास्क लाव आणि गार्ड काढून कधीही काम करू नकोस, माझ्या डाव्या अंगठ्याकडे तू लहानपणापासून बघतो आहेसच. पुढे स्वतःचं काम सुरू केलंस की पीएम विश्वकर्मा योजनेत नाव घाल. वयाची अठरा वर्षं पूर्ण लागतात. अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात आणि पहिलं एक लाखापर्यंतचं कर्ज पाच टक्क्यांनी. उचल घेऊन कुणाच्या हाताखाली अडकण्यापेक्षा ते बरं.

भाऊजींना घेऊन रविवारी ये. औंधला एका फ्लॅटमध्ये वॉर्डरोब बसवायचा आहे, त्यांनाही बघू दे. तुझ्या आजोबांचा सागवानी रंधा धार लावून ठेवला आहे.

तुझा,
मामा