जळालेला रोधक: गुन्हेगार की बळी?

समजा, मारुंजीतल्या एखाद्या मंडपातला विवर्धक अचानक मुका झाला. उघडून पाहावे, तर सर्किट बोर्डावर करपलेला एमिटर-रोधक! नुसता तो बदलून भागेल? बहुधा नाही, नवाही जळेल. ०.५ ओहमच्या, ५ वॉटच्या रोधकातून १ अँपियर प्रवाह गेला तर उष्णता अर्धा वॉट. ८ अँपियर गेला तर चक्क ३२ वॉट! एवढा प्रवाह सोडतो तो बहुतेक वेळा त्याच्याच जोडीचा ट्रान्झिस्टर. सिलिकॉन तापले की बेसवरचे व्होल्टेज तेच असूनही प्रवाह वाढतो, त्याने ते आणखी तापते आणि शेवटी आतून शॉर्ट होते. म्हणून वीज काढा, कंडेन्सर रिकामे होऊ द्या, ट्रान्झिस्टर सुटा करून कलेक्टर-एमिटरमधला रोध मोजा. दोन्ही दिशांनी जवळजवळ शून्य आला, की चोर सापडला. त्याखालचा अभ्रकाचा तुकडा आणि ढिले स्क्रूही पाहा. उष्णता तिथेच अडते.