मशीन गळतंय? आधी 'कधी' ते पाहा!

होस्टेलचं असो वा घरचं, सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनखाली पाणी दिसलं की आपण लगेच स्क्रू-ड्रायव्हर शोधतो. थांबा! पाणी उताराकडे पळतं, त्यामुळे ते जिथे दिसतं तिथूनच गळतं असं नाही. पण ते केव्हा गळतं, यावरून बिघाड नेमका कळतो.

सर्वप्रथम प्लग काढा. 230 व्होल्ट आणि ओली फरशी म्हणजे जिवाशी खेळ. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर इलेक्ट्रिशियनने अर्थिंग तपासेपर्यंत ते वापरू नका. आता खाली जुने वर्तमानपत्र पसरा आणि क्रमाने पाहा.

1) पाणी भरताना गळतं : नळाच्या जोडाचा वॉशर बदला. गच्चीवरची टाकी 10 मीटर उंच असेल तर नळावर दर चौरस सेंमीला सुमारे 1 किलो दाब येतो, म्हणून तळमजल्यावर हा त्रास जास्त.

2) नुसतं भरून ठेवल्यावर : टबात थोडी नीळ घाला, अर्धा तास थांबा. ड्रेन पाइपमधून निळं पाणी आलं तर ड्रेन व्हॉल्व्ह नीट बसत नाही. बहुतेक वेळा त्यात बटण किंवा धाग्यांचा गुंता सापडतो. रबर फाटलं असेल तर बदला.

3) कपडे धुताना : आधीच्या दोन्ही चाचण्यांत कागद कोरडा राहिला, तरच कोरड्या हाताने प्लग लावा आणि लांबून पाहा. धुण्याच्या टबाखाली मध्यभागी थेंब पडले तर पल्सेटरच्या शाफ्टचं ऑइल सील गेलं. वरून फेस सांडत असेल तर फक्त पावडर कमी करा.

4) फक्त सुकवताना : स्पिनरखालचं रबरी सील तपासा.

यात ऑइल सीलकडे दुर्लक्ष महागात पडतं. पाणी गिअरबॉक्समध्ये शिरून गंज चढतो आणि छोट्या रबराऐवजी अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागतो. नाशिकला गंगापूर धरणाचं पाणी येतं; पण जिथे बोअरचं जड पाणी वापरतात, तिथे क्षार साचून सील लवकर खराब होऊ शकतं.

सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. तेच आकडे दुकानात सांगा. बसवताना स्प्रिंगची बाजू पाण्याकडे हवी. त्याआधी शाफ्टवरून नख फिरवा. खाच लागली तर नवं सीलही गळणारच!

मशीन डिझाइनच्या पेपरात सीलची आकृती आपण काढतोच. एकदा ते हातात घेऊनही पाहा.