जांघेतली लचक किती खर्चाची?

चढाईत बोनससाठी पाय लांबवावा आणि जांघेत चमक निघावी, हे कबड्डीच्या मैदानावर नेहमीचंच. पळणाऱ्यांचा खुब्याच्या पुढचा स्नायू असाच दुखावतो. ‘लचक आहे, बसेल’ म्हणत दुसऱ्या दिवशी मैदानात उतरणारे आणि घाबरून त्याच संध्याकाळी एमआरआय काढणारे, दोघेही विनाकारण खर्चात पडतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांचा खर्च जवळपास शून्य. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. पळणं बंद, पण वेदना वाढत नसेल तर घरात चालणं सुरू ठेवा. गरम शेक आणि जोराची मालिश या दिवसांत नकोच.

अस्थिरोगतज्ज्ञ किंवा क्रीडावैद्यक डॉक्टरांची तपासणी पुण्या-मुंबईत साधारण ५०० ते १,५०० रुपये. ताण सौम्य असेल तर एक ते तीन आठवडे लागतात, काही तंतू तुटले असतील तर चार ते आठ आणि स्नायू पूर्ण फाटला असेल तर तीन महिने किंवा जास्त. बहुतेकदा हे हातानं तपासूनच कळतं. शंका राहिली तर स्नायूंची सोनोग्राफी (सुमारे १,२०० ते २,५०० रुपये) पुरते. एमआरआयला ५,००० ते १०,००० लागतात. तो कधी काढायचा? लांब पल्ल्याच्या धावपटूला पायावर भार देताना किंवा रात्री जांघेत खोल दुखत असेल तर टाळू नका, कारण खुब्याच्या हाडाला बारीक तडा असू शकतो. वाढीच्या वयातल्या मुलांमध्ये स्नायू हाडाचा तुकडा ओढून काढू शकतो. तिथे तीन-पाचशे रुपयांचा एक्स-रे आधी हवा.

खरी रक्कम जाते फिजिओथेरपीत. एका बैठकीचे ४०० ते १,०००, घरी बोलावलं तर त्याहून जास्त. अनेक ठिकाणी दहा-वीस बैठकांचं पॅकेज आधीच गळ्यात मारतात आणि बहुतेक वेळ यंत्राखाली झोपवून ठेवतात. माझं स्पष्ट मत आहे, असं पॅकेज घेऊ नका. या दुखापतीत स्नायू बरा होतो तो हळूहळू वाढवलेल्या व्यायामानं. दर आठवड्या-दहा दिवसांनी व्यायाम बदलून देणारा फिजिओथेरपिस्ट सहा भेटींत काम करतो. महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची त्याची नोंदणी पाहून घ्या. घरी एक रबरी पट्टा, तीन-चारशेचा. वरचा पाय बाकावर ठेवून कुशीवर अंग उचलण्याचा ‘कोपनहेगन’ व्यायाम फुकट आहे. नॉर्वेच्या फुटबॉलपटूंवरच्या २०१९ मधल्या अभ्यासात असे व्यायाम करणाऱ्यांत जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. मात्र तो दुखणं उतरल्यावर, फिजिओनं सांगितल्यावरच सुरू करायचा.

हिशेब मांडू. डॉक्टरांच्या दोन भेटी १,३००, सोनोग्राफी २,०००, सहा बैठका ३,६००, पट्टा ४००. एकूण ७,३०० रुपये. याउलट एमआरआयचे ८,०००, पीआरपी इंजेक्शनचे (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं) १०,००० आणि वीस बैठकांचे १०,००० धरले तर २८,००० होतात. पीआरपीनं खेळाडू नक्की लवकर परततो, याला भक्कम पुरावा नाही. स्टेरॉइडचं इंजेक्शन तर १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहे. चाचणीत सापडलात तर बंदी येऊ शकते.

विम्यावर फार विसंबू नका. साध्या आरोग्य विम्यात रुग्णालयात दाखल न होता केलेली तपासणी आणि फिजिओ सहसा बसत नाही.

परतायची घाई सर्वांत महाग, कारण अर्धवट बरा झालेला स्नायू पुन्हा फाटला तर हाच खर्च दुसऱ्यांदा. गुडघ्यांमध्ये मूठ धरून जोरात दाबताना दुखत नाही, पूर्ण वेगानं पळता येतं, झटकन दिशा बदलता येते, हे तिन्ही जमल्यावरच सामना खेळा.

पैशांअभावी उपचार थांबवू नका. राज्याच्या आरोग्य विभागाच्या जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मुंबईत हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, आणि फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात शुल्क खासगीपेक्षा बरंच कमी असतं. आधी तिथे चौकशी करा.