मार्गारीटा माता

इटली देशाच्या उत्तरेस पीडमाँट नावाचा प्रांत आहे. त्यातील टेकड्यांवर द्राक्षांचे मळे आणि मक्याची शेते आहेत. तेथील काप्रील्यो या खेड्यात १ एप्रिल १७८८ रोजी मार्गारीटा ओक्क्येना हिचा एका शेतकरी कुटुंबात जन्म झाला. शाळेत जाण्याची संधी तिला कधीच लाभली नाही. ती जन्मभर निरक्षर राहिली. परंतु रोमन कॅथलिक धर्माची शिकवण आणि प्रार्थना तिला मुखोद्गत होत्या.

मार्गारीटा लहानपणापासून धीट होती. १७९९ मध्ये ऑस्ट्रियाचे सैन्य त्या भागात आले होते. तिच्या घरच्या खळ्यावर मका वाळत घातला होता. सैनिकांचे घोडे तो खाऊ लागले. तिने आरडाओरडा केला, तेव्हा सैनिक नुसते हसले. मग त्या अकरा वर्षांच्या मुलीने दाताळे उचलले आणि घोड्यांना हुसकावून लावले, अशी आठवण सांगतात.

१८१२ मध्ये फ्रांचेस्को बॉस्को या शेतकऱ्याशी तिचा विवाह झाला. फ्रांचेस्कोची पहिली पत्नी वारली होती. अंतोनिओ हा तिचा मुलगा. वृद्ध सासूबाईही घरात होत्या. मार्गारीटाला पुढे जुझेप्पे आणि जोव्हान्नी असे दोन मुलगे झाले. परंतु हा संसार पाचच वर्षे टिकला. मे १८१७ मध्ये फ्रांचेस्को शेतावरून घामाघूम होऊन आला आणि तसाच थंडगार तळघरात गेला. त्याला न्यूमोनिया झाला आणि थोड्याच दिवसांत त्याचे निधन झाले. धाकटा जोव्हान्नी तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता.

दुःख आवरते न आवरते तोच दुष्काळ आला. पैसे देऊनही धान्य मिळेना. शेजाऱ्याला धान्य आणण्यास पाठविले, तो रिकाम्या हातांनी परतला. मुले भुकेने व्याकूळ झाली होती. मार्गारीटाने गुडघे टेकून प्रार्थना केली, मग ती उठली आणि शेजाऱ्याच्या मदतीने गोठ्यातील वासरू मारून तिने घरच्यांना जेवू घातले. शेतकऱ्याच्या घरी वासरू म्हणजे पुढच्या वर्षांची आशा; पण आधी माणसे जगली पाहिजेत, हे तिने जाणले. प्रार्थना आणि कृती यांची तिने अशी सांगड घातली होती.

काही काळाने तिला पुनर्विवाहासाठी एक चांगले स्थळ आले. परंतु मुलांना दुसऱ्या पालकाच्या स्वाधीन करावे लागेल, असे कळताच तिने ते नाकारले. पालक कितीही भला असला, तरी तो आईची जागा घेऊ शकणार नाही, असे तिचे म्हणणे होते.

तिच्या घराच्या कोपऱ्यात एक छडी असे. पण ती मुलांवर चालविण्याची वेळ तिने येऊ दिली नाही. एकदा जोव्हान्नीच्या हातून तेलाचे भांडे फुटले. त्याने स्वतःच एक फांदी तोडून छडी तयार केली आणि ती आईपुढे धरली. आईला हसू आले. अपराध लपविला नाही, यातच तिला समाधान वाटले.

जोव्हान्नीला शिकण्याची ओढ होती. अंतोनिओला मात्र पुस्तके म्हणजे शेतकऱ्याच्या घरातील आळस वाटे. घरातील भांडणे विकोपास गेली, तेव्हा १८२८ मध्ये मार्गारीटाला आपल्या धाकट्या मुलास दुसऱ्याच्या शेतावर चाकरीला पाठवावे लागले. सावत्र मुलाचाही तिने त्याग केला नाही आणि जोव्हान्नीच्या शिक्षणाचा नादही सोडला नाही. अखेर तो शिकला आणि ५ जून १८४१ रोजी तुरीन शहरात धर्मगुरू झाला. तेच पुढे डॉन बॉस्को या नावाने प्रसिद्धीस आले. आपला मुलगा श्रीमंत धर्मगुरू झाला, तर आपण त्याच्या घरी पाऊलही टाकणार नाही, असे या गरीब मातेने त्यांना आधीच बजावले होते.

त्या काळी तुरीनमध्ये खेड्यापाड्यांतून अनेक मुले कामासाठी येत. त्यांपैकी कित्येकांना ना घर होते, ना आप्त. डॉन बॉस्को अशा मुलांना एकत्र करून शिकवीत. या कार्यात साथ द्यावी, अशी त्यांनी आईला विनंती केली. मार्गारीटा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. नातवंडांनी भरलेले घर, ओळखीची माणसे आणि आयुष्यभर कसलेली जमीन सोडणे सोपे नव्हते. तरीही ३ नोव्हेंबर १८४६ रोजी एक टोपली हातात घेऊन ती मुलासह पायी तुरीनला निघाली. व्हाल्दोक्को या वस्तीत त्यांनी बिऱ्हाड केले. खर्च भागेना, तेव्हा तिने आपली लग्नातील अंगठी आणि साखळी विकली. लग्नातील वस्त्रांचाही तिने वेदीच्या सेवेसाठी उपयोग केला.

मे १८४७ मधील एका पावसाळी रात्री पंधरा वर्षांचा एक मुलगा भिजून चिंब होऊन दाराशी आला. तो गवंडीकामाच्या शोधात आला होता. जवळचे पैसे संपले होते. यापूर्वी आसरा दिलेल्या मुलांनी पांघरुणे पळविली होती. तरीही मार्गारीटाने त्याला जेवू घातले, विटांवर फळ्या टाकून स्वयंपाकघरात त्याचे अंथरूण केले आणि झोपण्यापूर्वी त्याला चार हिताच्या गोष्टी सांगितल्या. डॉन बॉस्कोंच्या संस्थांत रात्री मुलांना असा उपदेश करण्याची प्रथा तेथूनच सुरू झाली, असे मानतात.

मुले वाढली, तसे कामही वाढले. स्वयंपाक, धुणे, ठिगळे लावणे यांस अंत नव्हता. एके दिवशी लढाईचा खेळ खेळताना मुलांनी तिचा भाजीचा मळा तुडवून टाकला. शेतकरी स्त्रीच्या मनाला तो घाव फार लागला. आपणास आता गावी परत जाऊ द्यावे, असे तिने डॉन बॉस्कोंना सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी केवळ भिंतीवरील क्रूसाकडे बोट दाखविले. मार्गारीटाने क्रूसावरील ख्रिस्ताकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले आणि ती पुन्हा कामास लागली. त्यानंतर तिने परतण्याची गोष्ट काढली नाही.

१८५४ मध्ये तुरीनमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली. संस्थेतील मुले रोग्यांच्या शुश्रूषेसाठी धावली. त्यांना मार्गारीटाने चादरी दिल्या, मेजावरची कापडे दिली आणि ती संपल्यावर वेदीवरील वस्त्रेही दिली.

२५ नोव्हेंबर १८५६ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. अडुसष्ट वर्षांचे ते आयुष्य अखेरपर्यंत दारिद्र्यात गेले. डॉन बॉस्कोंनी १८५९ मध्ये स्थापन केलेल्या सालेशियन संघाचे धर्मगुरू १९०६ मध्ये भारतात तंजावर येथे आले. पुढे मुंबईत माटुंगा येथेही त्यांची शाळा निघाली. कॅथलिक धर्मसभेने २००६ मध्ये मार्गारीटाला ‘वंदनीय’ म्हणून घोषित केले. व्हाल्दोक्कोच्या अनाथ मुलांनी मात्र तिला फार आधीच एक नाव दिले होते. ते तिला ‘आई’ म्हणत.

स्वाध्याय

१. मार्गारीटाने दुष्काळात कुटुंबाचे रक्षण कसे केले?
२. तिने पुनर्विवाह का नाकारला?
३. भाजीचा मळा तुडविला गेल्यावर तिच्या मनात कोणते विचार आले असतील? ते आपल्या शब्दांत लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : मुखोद्गत असणे, सांगड घालणे, विकोपास जाणे.