गावाकडे मोटरहोम: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

जुन्नर-आंबेगावची परदेशात स्थायिक झालेली काही कुटुंबं हल्ली डिसेंबरात गावी आली की राहण्याची सोय असलेली गाडी वापरतात. भावाच्या घरात सगळ्यांनी दाटीवाटीने झोपण्यापेक्षा ती अंगणात उभी केलेली बरी. नव्यांसाठी तिघांनी लिहून दिलं, ते फारशी काटछाट न करता देत आहोत.

गाडीची तयारी (लेस्टर, मूळ गाव नारायणगाव)

गाडी ताब्यात आली की लगेच भीमाशंकरला निघू नये. आधी अंगणातच तिच्यात झोपावं, स्वयंपाक करावा. काय गळतं, काय चालत नाही, ते तिथेच कळतं.

वजन: शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. टाक्या भरून, माणसं बसवून, इंद्रायणी तांदळाचं पोतं (न्यायचं असेलच) ठेवून गाडी वजनकाट्यावर घ्यावी. ब्रिटनचा साधा परवाना ३,५०० किलोपाशी थांबतो, इथे हलक्या वाहनाची मर्यादा ७,५०० किलो. परवान्यात बसतं म्हणून टायरला झेपतं असं नाही.

गॅस: ५ किलोची टाकी, उभी, पट्ट्याने बांधलेली. चालत्या गाडीत बंद. रेग्युलेटर इथलाच घ्यावा. जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहावेत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तिकडून आणावा.

वीज: तिकडच्या कॅम्पसाइटवरचे निळे प्लग विसरा. १६ अँपिअरचं सॉकेट, तेही अर्थिंग तपासून. विहिरीच्या मोटारीच्या पेटीतून वायर ओढू नये, तिथे थ्री-फेज असते.

संडास: कॅसेट ओतायची सोय वाटेत मिळेल असं धरू नये. घरच्या संडासात ओतावी. फॉर्मल्डिहाइड असलेलं औषध वापरू नये, सेप्टिक टँकमधले जंतू मरतात. ओढ्यात किंवा डिंभे-येडगावच्या पाण्यात कधीही नाही.

कागदपत्रं (मेलबर्न, मूळ गाव मंचर)

साधी व्हॅन घेऊन गॅरेजवाल्याकडून आत पलंग-ओटा बसवून घ्यायच्या भानगडीत पडू नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करायची तर परवानगी लागते. कायदा मला पाठ होता, फाईल तयार होती, तरी व्हायचं ते झालंच. कार्यालय कुठलं ते लिहीत नाही. खिडकीवर विचारलं, "आसनं किती?" म्हटलं, चार. "मग पलंगावर कोण बसणार?" याला काय उत्तर द्यायचं, सांगा! साहेब मीटिंगमध्ये, मग दौऱ्यावर, मग त्यांची बदली. नव्या साहेबांना फाईल पुन्हा पहिल्या पानापासून. बाहेर टपरीवर चहा पिणाऱ्या एजंटला मात्र आमच्या फाईलचा पान क्रमांकसुद्धा ठाऊक. त्याच्याकडे गेलो नाही, जाणारही नाही. सुट्टी सगळी त्यात गेली.

म्हणून सांगतो, तयार, मान्यता असलेली गाडीच घ्या. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे भारतीय मानक आहे. त्यानुसार मान्यतेचे कागद आहेत का आणि नोंदणी पुस्तकात वाहनाचा प्रकार काय लिहिलाय, हे स्वतः वाचल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. "होऊन जाईल" म्हणणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून निघा.

रस्ता, मुक्काम आणि मुलं (न्यू जर्सी, मूळ गाव घोडेगाव)

आधी पूजा. ही गाडी की घर, असा वाद आमच्याकडे झाला. सासूबाईंनी दोन्ही करायला लावलं, चाकाखाली लिंबू आणि आत दूध उतू घालणं. (लेस्टरकरांची सूचना: आतल्या शेगडीवर नको, बर्नरची छिद्रं बुजतात. अंगणात चूल मांडा.) मग कुलदैवत, मग लेण्याद्री-ओझर. लेण्याद्रीला गाडी पायथ्याशीच राहते, वर पायऱ्या तीनशेच्या आसपास. शिवनेरीवर मुलांना चालवतच न्या, पण १९ फेब्रुवारीला ही अवजड गाडी घेऊन जुन्नरात शिरू नका. आपण डॉलर कमावतो, पण मुलांना मासवडी ओळखता येत नाही, याची लाज आपल्यालाच वाटायला हवी. गाडीत तरी मराठीच बोला. खोडदच्या दुर्बिणी जरूर दाखवा. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, आणि रेडिओ लहरींचा अडथळा नको म्हणून तिथे मोबाईल बंद ठेवावे लागतात. मुलांच्या हातातून फोन काढायला याहून चांगलं कारण मिळायचं नाही.

मुक्काम ओळखीच्या माणसाच्या अंगणातच करा. उसाच्या कडेला कधीच नको, हा बिबट्याचा मुलूख आहे. खरकटं बाहेर टाकलं की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो. अंधार पडला की मुलं आत. पावसाळ्यात डोंगरउताराखाली गाडी लावू नका. ३० जुलै २०१४ ला आमच्याच तालुक्यात माळीण दरडीखाली गेलं. माळशेजलाही त्या दिवसांत दरडी आणि धुकं असतं. गळिताच्या हंगामात रात्री गाडी चालवू नका, उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही.

विम्यावर कोणीच लिहून दिलेलं नाही. आतल्या सामानासकट गाडीचा दावा ज्यांना मंजूर झाला असेल, त्यांनी पुढच्या आवृत्तीसाठी कृपया लिहून पाठवावं.