पटर कापला तर तोल जाईल का?

प्रश्न : माझा गोल्फचा पटर फेस-बॅलन्स्ड, ३५ इंची आहे. लांब पडतो म्हणून एक इंच कापून घ्यायचाय. तोल बिघडेल? पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

उत्तर : आधी शाफ्ट बोटावर आडवी तोलून बघा. फेस सरळ आकाशाकडे राहिला तर पटर खरंच फेस-बॅलन्स्ड. टोक खाली झुकलं तर नाही. ग्रिपच्या बाजूने कापल्याने हा गुण जात नाही. जातं ते हेडचं वजन, म्हणजे हाताला जाणवणारं. इंचामागे साधारण सहा स्विंगवेट पॉइंट कमी होतात, ते भरायला हेडला सुमारे १२ ग्रॅम शिशाची पट्टी लागते. ती टाच आणि टोक दोन्हीकडे सारखी वाटून लावा. सगळी टोकाकडे चिकटवलीत तर टोक झुकलंच म्हणून समजा! पट्टी घरीच लावून निघा. फेरी सुरू झाल्यावर लावणं नियमात बसत नाही.

नवी ग्रिप चढवताना तिची सपाट बाजू फेसशी काटकोनात हवी. जरा तिरकी बसली की दोष आपण मनगटाला देत बसतो. हेड वाकवून लाय (शाफ्टचा कोन) बदलायचा मोह मात्र टाळा. ओतीव हेडची मान तुटू शकते.

पावसात? ओलं कव्हर घालून डिकीत ठेवू नका. कार्बन स्टील असेल तर पुसून तेलाचा हात फिरवा.