रेलून चालवायची सायकल

आषाढ लागला की भीमेकाठच्या मोकळ्या मुलखात पश्चिमेचा वारा सुटतो. दौंडहून पाटसमार्गे चौफुल्यास निघालेल्या सायकलस्वारास तो समोरून भेटतो. चौफुल्यावर उजवीकडे वळून, पारगावाजवळ भीमा ओलांडून शिरूरची वाट धरीपर्यंत त्याची सुटका नसते. स्वार दमदार असला तरी त्याचे पाय जड होतात. याचे कारण त्याच्या बसण्यात असते. उंच बैठकीवर ताठ बसलेला मनुष्य वाऱ्यापुढे उभ्या केलेल्या फळीसारखाच असतो.

हवा डोळ्यांना दिसत नाही. परंतु ती वाट अडविते. स्वाराचा वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या समोरून तितक्याच वेगाचा वारा आला, तर त्याच्या अंगावर ताशी ३० किलोमीटरांचा वारा आदळतो. मग स्वाराला मागे रेलवून त्याचे पाय पुढे का करू नयेत?

फ्रान्समधील शार्ल मोशे यांना ही युक्ती सापडली ती मुलाच्या हट्टापायी. मोशे हलक्या मोटारी बनवीत. त्यांच्या जॉर्जला सायकल हवी होती, आणि आईला ती धोक्याची वाटे. तेव्हा वडिलांनी त्याला पायांनी चालवायची एक बुटकी चारचाकी करून दिली. पाहतात तो काय, तीत रेलून बसलेला जॉर्ज सायकलवाल्या मुलांना मागे टाकू लागला! मोशे यांनी मोठ्यांसाठीही तशा गाड्या केल्या. पुढे त्यांनी तशी गाडी मधोमध चिरावी त्याप्रमाणे दोनच चाकांचे वाहन घडविले.

७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर या स्वाराने पॅरिसच्या शर्यतपथावर त्या सायकलीने एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडले. ऑस्कर एग याचा ४४.२४७ किलोमीटरांचा विक्रम १९१४ पासून अबाधित होता. फोर हा काही पहिल्या प्रतीचा स्वार नव्हता. म्हणूनच गहजब झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉरिस रिशार याने साध्या सायकलीवर ४४.७७७ किलोमीटर अंतर कापले. आता विक्रमवीर कोण? आंतरराष्ट्रीय सायकल संघाने सायकलीची व्याख्याच नव्याने ठरविली. १ एप्रिल १९३४ पासून मोशे यांची सायकल शर्यतीतून बाद झाली आणि मान रिशारकडे गेला. शर्यत माणसांची असावी, यंत्रांची नव्हे, हे संघाचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. परंतु मोशे यांच्या सायकलीलाही दोनच चाके होती, आणि तीही पायांनीच चालत होती. मोशे त्याच वर्षी निवर्तले. १९३९ साली फोरने वारा कापणारे कवच चढविलेल्या तशाच सायकलीवरून तासाला ५० किलोमीटरांची मर्यादाही ओलांडली.

शर्यतीत नसली तरी रस्त्यावर तिला बंदी नव्हती. नांगर आणि ट्रॉल्या जोडणाऱ्या शिरूर-दौंडकडील एखाद्या वेल्डिंगच्या दुकानातही अशी सायकल घडू शकेल. मोडीतल्या सायकलीचे मागचे चाक घ्यावे, लहान मुलाच्या सायकलीचे पुढचे, आणि मध्ये पोलादी नळी. तत्पूर्वी माप मात्र स्वाराचे घ्यावे लागते. भिंतीला पाठ टेकवून, गुडघा किंचित वाकलेला ठेवून पाय पुढे पसरला, की कमरेपासून तळव्यापर्यंतचे अंतर कळते. पायटे तितकेच दूर बसवावयाचे. ते चुकले तर सारे जोडकाम तोडावे लागते. बैठक बाजेसारखी नवारीने विणता येते. पायटे पुढे गेल्याने साखळी फार लांब होते. दोन-तीन साखळ्या जोडून ती करतात, आणि ती लोंबू नये म्हणून विहिरीवरच्या कप्पीसारखी लहानशी कप्पी मध्ये लावतात. सर्वांत नाजूक काम पुढच्या चिमट्याचे. हँडलच्या दांड्याची रेघ जमिनीपर्यंत वाढविली, तर चाक जेथे टेकते त्याच्या किंचित पुढे ती पडली पाहिजे. ती मागे पडली, तर सायकल सरळ जाण्यास तयार होत नाही.

या सायकलीत उणिवाही आहेत. चढावर पायट्यांवर उभे राहून जोर देता येत नाही. स्वार इतका खाली असतो, की गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीवाल्याला तो दिसणारही नाही. म्हणून मागे उंच काठीला तांबडे निशाण बांधावे लागते. साध्या सायकलीवर पटाईत असलेला मनुष्यही हिच्यावर प्रथम डगमगतो. पहिल्या फेऱ्या मोकळ्या मैदानात घ्याव्यात, आणि बैठकीची उंची इतकीच ठेवावी, की तोल जाताच दोन्ही पाय जमिनीस टेकतील.